डॉ. आनंदीबाई जोशी : त्यांचें चरित्र आणि घरांतील मारहाणीविषयींच्या कांहीं चुकीच्या समजुती

डॉ. आनंदीबाई जोशी यांचें नांव ज्याच्या कानावरून गेलें नाहीं असा मराठी वाचक विरळा. अमेरिकेस जाऊन वैद्यकाची पदवी मिळविणारी पहिली हिंदी स्त्री म्हणून त्यांची ख्याति आहे. त्यांची कथा बहुधा अशी सांगितली जाते कीं, एका सुधारक पतीनें आपल्या बालपत्नीस शिकविलें, सातां समुद्रांपलीकडे पाठविलें व डॉक्टरीण केलें. ही कथा खोटी नाहीं. पण ती अर्धी आहे. उरलेला अर्धा भाग खुद्द बाईंनीं आपल्या पत्रांतून लिहून ठेविला आहे, आणि तो घरांतील मारहाणीचा आहे. गांवोगांवच्या आमच्या मंडळ्यांतून नवराबायकोच्या तंट्यांत बोलावणें येतें तें पाळकास, उपदेशकास किंवा बायबलबाईस. त्या प्रसंगीं अनेक जुन्या समजुती आड येतात. त्या कशा फोल आहेत हें या एका चरित्रावरून जितकें स्पष्ट दिसतें, तितकें पुष्कळ उपदेशांनींही दिसणार नाहीं. म्हणून हें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

जन्म व बालपण

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजीं कल्याणच्या जोशी घराण्यांत झाला. वडिलांचें नांव गणपतराव, आईचें गंगाबाई. माहेरीं मुलीस यमुना म्हणत. घराणें एके काळीं सधन होतें, पण पुढें त्याला उतरती कळा लागली होती. वडिलांचा यमूवर मोठा लोभ. आईचा स्वभाव मात्र कडक होता. पुढें अमेरिकन मैत्रिणीस आपल्या बालपणाची हकीकत कळवितांना बाईंनीं सांगितलें आहे कीं, आईची शिक्षा साध्या दोरीची किंवा वादीची नसे. दगड, काठी व जळते निखारे हींच तिचीं साधनें असत.

येथेंच पहिली चुकीची समजूत उघडी पडते. घरांतला जुलूम म्हणजे पुरुषाचाच, असें पुष्कळांस वाटतें. पुरुषाचा हात अधिक वेळां उठतो हें खरें. पण आई, सासू, नणंद यांच्या हातून होणारा मार हाही मारच होय, आणि ज्या घरांत बलवानानें दुर्बलास मारणें हा शिरस्ता पडला, तेथें तो हात कोणाचा हा प्रश्न दुय्यम ठरतो. लहान मूल मार विसरून जातें, असेंही म्हणतात. यमू तो विसरली नाहीं. पुढें तिनें तो एकेक वस्तूनिशीं आठवून सांगितला.

विवाह व शिक्षण

सन १८७४ मध्यें, वयाच्या नवव्या वर्षीं, यमूचा विवाह गोपाळ विनायक जोशी यांच्याशीं झाला व ती आनंदी झाली. गोपाळराव टपाल खात्यांत नोकरीस होते. विधुर होते, आणि वयानें कितीतरी मोठे. लग्नापूर्वीं त्यांनीं एकच अट घातली कीं, मुलीस शिकवूं द्यावें. त्या काळीं शिकलेल्या बायकोच्या नवऱ्यास आयुष्य कमी, असा समज घरोघरीं होता. अशा दिवसांत ही अट घालणारा मनुष्य सामान्य नव्हे. लोकांच्या हंसण्याची त्यांनीं कधीं पर्वा केली नाहीं. मुलीस शाळा मिळावी म्हणून त्यांनीं अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता अशा बदल्या पत्करल्या. मुंबईस मिशनच्या शाळेंत जातांना रस्त्यावरचे लोक या लहान विद्यार्थिनीची थट्टा करीत. तीही तिनें सोसली.

परंतु ज्या हातानें गोपाळराव पुस्तक देत, त्याच हातानें ते मारीत. असें सांगतात कीं, एकदां अभ्यासाच्या वेळीं आनंदी स्वयंपाकघरांत काम करतांना दिसली, तेव्हां त्यांनीं तिला काठीनें बदडलें. आणि शेजारीं आश्चर्य केलें तें माराचें नव्हे, तर कारणाचें. स्वयंपाक केला नाहीं म्हणून मारणारे नवरे त्यांनीं पाहिले होते, स्वयंपाक केला म्हणून मारणारा हा पहिलाच! या गोष्टीचें पुष्कळांस हंसूं येतें. आम्हांस मात्र ती फार शिकविणारी वाटते. एका घरांत भाकरी करपली म्हणून मार, दुसऱ्या घरांत धडा चुकला म्हणून मार. कारणें उलटीं, मार एकच. यावरून उघड होतें कीं, माराचें मूळ मार खाणारीच्या चुकींत नसतें. तें मारणाराच्या या समजुतींत असतें कीं, ही माणूस माझ्या मालकीची आहे व हिला वळण लावण्याचा मला अधिकार आहे. म्हणून तंटा सोडविणारा जेव्हां प्रथम बाईसच विचारतो कीं, तूं काय चूक केलीस, तेव्हां तो न कळत मारणाराच्या बाजूस जाऊन बसतो.

दुसरीही एक समजूत येथें ढासळते. मारहाण ही अडाणी, दरिद्री व दारुड्या लोकांतच चालते, असें आपण समजतों. गोपाळराव शिकलेले, सरकारी चाकरीचे, स्त्रीशिक्षणाचे कैवारी होते. दारूनें ही आग भडकते यांत संशय नाहीं. सन २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत असें आढळलें कीं, ज्यांचे नवरे वारंवार झिंगून येतात अशा स्त्रियांपैकीं सुमारे ७० टक्के स्त्रियांनीं नवऱ्याचा मार किंवा जुलूम सोसला आहे. पण त्याच पाहणीप्रमाणें, ज्यांचे नवरे दारूस शिवतही नाहींत अशा स्त्रियांतही जवळजवळ चौथ्या हिश्श्याच्या वांट्यास हें आलेलें आहे. तेव्हां दारू सुटली म्हणजे घर सुरक्षित झालें, किंवा शिक्षण आलें म्हणजे हात थांबला, असें धरून चालणें सुरक्षित नव्हे.

पुत्रशोक व निश्चय

वयाच्या चौदाव्या वर्षीं आनंदीबाईंस मुलगा झाला. तो अवघे दहा दिवस जगला. वेळेवर योग्य औषधोपचार झाला असता तर मूल वांचलें असतें, ही रुखरुख त्यांच्या मनांतून गेली नाहीं. आमच्या स्त्रिया आपलें दुखणें पुरुष वैद्यापुढें सांगत नाहींत व स्त्रीवैद्य तर कोठेंच नाहींत, हें त्यांनीं अनुभवानें जाणलें. आणि आपण स्वतः डॉक्टरीण व्हावें हा निश्चय त्यांच्या मनांत मूळ धरूं लागला.

हें येथें मुद्दाम सांगण्याचें कारण असें कीं, गोपाळरावांनीं मारलें म्हणूनच आनंदीबाई एवढ्या मोठ्या झाल्या, असें म्हणणारे लोक आहेत. छडी लागे छमछम ही म्हण ते बायकोसही लावतात. पण नीट पाहावें. बाईंस वैद्यकाकडे ओढून नेलें तें काठीनें नव्हे, तर पाळण्यांतून उचललेल्या त्या दहा दिवसांच्या बाळानें. आणि त्यांचा अभ्यास खरा फळास आला तो अमेरिकेंत, जेथें त्यांच्यावर कोणी हात उगारीत नव्हता.

परदेशगमन

गोपाळराव कोल्हापुरास असतां त्यांनीं सन १८७८ मध्यें एका अमेरिकन मिशनरी साहेबांस पत्र लिहून पत्नीच्या शिक्षणास साहाय्य मागितलें. तें पत्र रे. विल्डर यांच्या मिशनविषयक मासिकांत सन १८७९ च्या आरंभीं छापलें गेलें. उत्तरांत ख्रिस्ती धर्म पत्करण्याविषयीं सुचविलें होतें. तें जोशी दांपत्यास मान्य झालें नाहीं व गोष्ट तेथेंच थांबली. पण सन १८८० मध्यें न्यू जर्सी प्रांतांतील रोझेल गांवच्या श्रीमती थिओडिशिया कार्पेंटर या बाई दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असतां, तो जुना अंक त्यांच्या हातीं पडला. शिकूं इच्छिणाऱ्या त्या दूरच्या मुलीविषयीं त्यांचें मन द्रवलें व त्यांनीं पत्र पाठविलें. पुढें दोघींचा इतका स्नेह जडला कीं, आनंदीबाई त्यांस मावशी म्हणूं लागल्या.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजीं श्रीरामपूर कॉलेजच्या दिवाणखान्यांत आनंदीबाईंनीं इंग्रजींत भाषण करून आपण अमेरिकेस कां जातों हें लोकांस सांगितलें. हिंदुस्थानास स्त्रीवैद्यांची किती गरज आहे हें त्यांनीं त्यांत मांडलें, आणि हिंदु म्हणून जाईन व हिंदु म्हणूनच परत येईन असा निर्धारही प्रकट केला. ७ एप्रिल १८८३ रोजीं, वयाच्या अठराव्या वर्षीं, पतीवांचून त्या कलकत्त्याहून निघाल्या. कांहीं मिशनरी बाया सोबतीस होत्या. जूनमध्यें त्या न्यूयॉर्कास पोहोंचल्या. त्याच वर्षीं फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यक कॉलेजांत त्यांस प्रवेश मिळाला.

अमेरिकेहून पतीस पत्र

गोपाळराव मागें राहिले होते. त्यांच्या पत्रांत कधीं प्रोत्साहन असे, कधीं संशय व टोमणे असत. बाईंनीं नेसण्याची पद्धत थंडीमुळें थोडी बदलली, तर त्यावरूनही बोल लागे. यांतून आणखी एक गोष्ट कळते : हातानें मारणें थांबलें म्हणजे जुलूम थांबला असें नव्हे. शब्द समुद्र ओलांडतात.

अशाच एका प्रसंगीं आनंदीबाईंनीं पतीस जें उत्तर लिहिलें, तें मराठी स्त्रीच्या लेखणींतून उतरलेल्या अत्यंत धैर्याच्या लेखांपैकीं एक आहे. त्याचा आशय आम्ही आपल्या शब्दांत देतों. तुमची माझ्याशीं वागणूक चांगली होती कीं वाईट, हें सांगणें कठीण आहे, असा आरंभ करून त्या म्हणतात कीं, ती दोन्ही होती. हेतु पाहिला तर ती योग्य म्हणतां येईल. पण बालमनावर होणारा परिणाम पाहिला तर ती चुकीची होती हें न्यायानें कबूल केलें पाहिजे. मग त्या एकेक वर्ष मोजतात : दहाव्या वर्षीं लांकडाच्या तुकड्यांनीं मारणें, बाराव्या वर्षीं खुर्च्या व पुस्तकें अंगावर फेंकणें आणि सोडून जाण्याची धमकी देणें, चौदाव्या वर्षीं आणखी विलक्षण शिक्षा. त्या त्या वयाच्या शरीरास व मनास हें सर्व झेपण्यापलीकडचें होतें, असा त्यांचा निवाडा आहे.

त्या निघून कां गेल्या नाहींत याचेंही कारण त्यांनीं दिलें आहे. अविचारानें घर सोडलें तर वडिलांच्या अब्रूस बट्टा लागेल ही भीति त्यांस होती. नवऱ्याला बोलण्याचा किंवा सल्ला देण्याचा अधिकार आमच्या स्त्रीला नाहीं. नवरा जें करील तें करूं देणें व गप्प राहणें एवढाच तिचा अधिकार, असेंही त्या लिहितात. त्या वाक्यांतला कडवटपणा वाचणाराच्या ध्यानांत आल्यावांचून राहत नाहीं.

वाचकहो, सोसते आहे त्या अर्थीं तिला त्याचें फारसें दुःख नसावें, किंवा त्रास खरा असता तर ती माहेरीं गेली असती, असें आपण किती वेळां म्हणतों! आनंदीबाई गेल्या नाहींत. पण दुःख नव्हतें म्हणून नव्हे. बापाची अब्रू, पोटाची चिंता, मुलांची माया, जाण्यास जागा नसणें, अशा बेड्या बाहेरून दिसत नाहींत. वर सांगितलेल्या पाहणींतच असें दिसून आलें कीं, मार सोसलेल्या स्त्रियांपैकीं सुमारे ७७ टक्के स्त्रियांनीं ना कोणाकडे मदत मागितली, ना कोणापाशीं गोष्ट बोलून दाखविली. मदत मागणाऱ्या अवघ्या १४ टक्के. तेव्हां ज्या गांवांत एकही तक्रार कानीं आली नाहीं, त्या गांवांत सर्व कुशल आहे असें उपदेशकानें समजूं नये.

या पत्रांत आम्हांस आणखी एक मोठा गुण दिसतो, तो न्यायबुद्धीचा. बाईंनीं पतीचे उपकार नाकारले नाहींत. आणि उपकारांच्या आड मार लपविलाही नाहीं. एकाच माणसाच्या खात्यावर दोन्ही रकमा त्यांनीं मांडल्या. आपण बहुधा असें करीत नाहीं. नवरा कमावता आहे, देवळांत येतो, वर्गणी देतो, मग तो घरीं मारीत असेल हें आपल्यास खरें वाटत नाहीं. आणि खरें निघालें तर त्याच्या चांगुलपणाच्या बदल्यांत तें माफ करावें असें वाटतें. चांगुलपणा हा माराचा मोबदला होऊं शकत नाहीं.

पदवी व अखेर

११ मार्च १८८६ रोजीं आनंदीबाईंस एम्. डी. ही पदवी मिळाली. त्यांच्या प्रबंधाचा विषय हिंदु लोकांतील प्रसूतिशास्त्र हा होता. समारंभास गोपाळराव हजर होते, तशाच इंग्लंडाहून मुद्दाम आलेल्या पंडिता रमाबाईही होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळांतील स्त्रियांच्या विभागावर आनंदीबाईंची नेमणूक झाली. पण अमेरिकेंतील थंडी, अपुरा आहार व अतोनात श्रम यांनीं प्रकृति खालावली होती व क्षयानें घेरलें होतें. सन १८८६ च्या अखेरीस त्या स्वदेशीं परतल्या त्या आजारीच. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, बाविसावें वर्ष पुरें होण्यापूर्वींच, पुण्यास त्यांचा अंत झाला. त्यांची रक्षा श्रीमती कार्पेंटर यांजकडे पाठविण्यांत आली, व ती न्यूयॉर्क प्रांतांतील पोकिप्सी येथें त्या कुटुंबाच्या दफनभूमींत ठेविली आहे. कोल्हापूरच्या त्या इस्पितळांत त्यांची वाट पाहणाऱ्या स्त्रियांस त्यांचा हात कधींच लागला नाहीं.

त्या पदवीदानास बरोबर तीन वर्षें झालीं त्या दिवशीं, म्हणजे ११ मार्च १८८९ रोजीं, पंडिता रमाबाईंनीं मुंबईस शारदा सदन उघडलें. विधवांस व निराधार स्त्रियांस राहण्यास जागा व शिकण्यास साधन मिळावें हा त्याचा हेतु होता. जाण्यास जागा नाहीं म्हणून सोसणाऱ्या स्त्रीस नुसत्या उपदेशाचा उपयोग नसतो, तिला दार लागतें, हें रमाबाईंनीं ओळखलें होतें.

या चरित्रापासून बोध

सर्वांत मोठी चुकीची समजूत ही कीं, नवराबायकोचें भांडण हें चार भिंतींआडचें आहे, त्यांत बाहेरच्यानें पडूं नये. पण चार भिंतींआडचें तेथेंच राहतें काय? मार खाल्लेली बाई कामावर जाऊं शकत नाहीं, तेव्हां मजुरी बुडते. गरोदरपणीं मार बसला तर पोटांतलें मूल धोक्यांत येतें. रोज तें पाहणारें मूल शाळेंत मागें पडतें, झोपेंत दचकतें. आणि मोठेपणीं मारणें किंवा सोसणें हीच संसाराची रीत आहे असें त्यांतील कित्येक समजूं लागतात. सगळींच तशीं होत नाहींत, हें देवाचे उपकार. पण वाईट वळणाची शाळा घरांतच भरते हें विसरतां येत नाहीं. वरील पाहणींत १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकीं सुमारे २९ टक्के स्त्रियांनीं पतीकडून शारीरिक अथवा लैंगिक जुलूम झाल्याचें सांगितलें. इतक्या घरांतली गोष्ट खासगी कशी म्हणावी? साथ घरोघरीं आली म्हणजे ती गांवाची होते.

याहून विचार करण्यासारखी गोष्ट अशी कीं, कांहीं कारणांसाठीं नवऱ्यानें बायकोस मारणें योग्य आहे असें म्हणणारे पुरुष त्या पाहणींत सुमारे ४४ टक्के निघाले, आणि स्त्रिया सुमारे ४५ टक्के. म्हणजे ही समजूत मारणाराचीच नव्हे, मार खाणारीचीही आहे. गप्प राहणें हाच आपला अधिकार, असें आनंदीबाईंनीं कडवटपणें लिहिलें. पुष्कळ भगिनी आजही तें खरेंच मानून चालतात.

आमच्या मंडळ्यांत या समजुतीस कधीं कधीं शास्त्राचा आधार दिला जातो. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रांत स्त्रियांनीं पतीच्या अधीन असावें असें आहे, एवढें वाचून पुस्तक मिटलें जातें. त्याच अध्यायांत पुढें पतीनें पत्नीवर स्वतःच्या शरीराप्रमाणें प्रीति करावी असें सांगितलें आहे, आणि आपल्या शरीराचा कोणी द्वेष करीत नाहीं हेंही तेथेंच आहे. स्वतःच्या देहावर जो काठी उगारीत नाहीं, त्यानें पत्नीच्या देहावर ती उगारण्यास त्या अध्यायांत कोणताही आधार नाहीं.

मग अशा प्रसंगीं काय करावें? प्रथम बाईचें म्हणणें, ती एकटी असतां, शांतपणें ऐकून घ्यावें. नवऱ्यासमोर विचारूं नये. तिच्या जिवास धोका आहे काय हें पाहावें, व असल्यास समेटाच्या आधीं तिच्या व मुलांच्या निवाऱ्याची सोय करावी. घाईनें हातांत हात देऊन तिला परत पाठवूं नये. पश्चात्ताप खरा असेल तर तो थोडे दिवस थांबूं शकतो. सन २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यानें मार, शिव्याशाप, पैशाची कोंडी व लैंगिक जुलूम हे सर्व हिंसाचार ठरविले आहेत. त्या कायद्याप्रमाणें स्त्रीस राहत्या घरांत राहण्याचा हक्क आहे, व संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करतां येते. १८१ या क्रमांकावर दूरध्वनि केल्यास स्त्रियांस मदत मिळते. हा क्रमांक आपल्या मंडळींतील प्रत्येक बाईस पाठ असावा.

आनंदीबाईंच्या मनांत आलें तें बोलण्यास त्यांस अमेरिकेपर्यंत जावें लागलें. घरांत बोलतां आलें नाहीं, माहेरीं बोलतां आलें नाहीं, म्हणून त्यांनीं तें कागदावर लिहिलें. आमच्या भगिनींस इतक्या दूर जावें लागूं नये. शेजारच्या ओसरीवर, पाळकाच्या घरीं, बायबलबाईपाशीं त्यांस बोलतां यावें, आणि त्यांचें बोलणें खरें मानणारें कोणी तेथें असावें. एवढें आपल्या प्रत्येक गांवांत झालें, तर हें चरित्र वाचल्याचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.